तांबडा राक्षस आणि निळा राक्षस : जपानी चलच्चित्रांतील रंगांची भाषा

सांप्रत आमच्या शाळेंतील मुलांच्या तोंडीं जीं परकीं नांवें वारंवार ऐकूं येतात, त्यांत जपानी चलच्चित्रांतील पात्रांच्या नांवांचा भरणा मोठा आहे. मधल्या सुट्टींत नारुतो श्रेष्ठ कीं सासुके श्रेष्ठ, ह्यावर कडाक्याचे वाद चालतात. वह्यांच्या शेवटच्या पानांवर पिंजारलेल्या केसांचीं आणि मोठाल्या डोळ्यांचीं डोकीं रेखाटलेलीं आढळतात. वडील मंडळी तीं पाहून हसतात किंवा रागावतात, आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात : 'ह्या माणसांचे केस निळे, गुलाबी, हिरवे कां? असे केस कोणाचे असतात काय?' प्रश्न साधा आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं गेल्यास जपानची भाषा, तेथील जुनी रंगभूमि, तेथील लहान मुलांच्या गोष्टी आणि चित्रें रंगविणाऱ्यांची कारागिरी, ह्या सर्वांतून फिरून यावें लागतें. तो फेरफटका वाचकांनीं आमच्याबरोबर करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करूं. इंग्रजी 'ॲनिमेशन' ह्या शब्दाचें जपानी लोकांनीं केलेलें लघुरूप म्हणजे 'ॲनिमे' होय. खुद्द जपानांत हा शब्द कोणत्याही देशाच्या चलच्चित्रास लावतात. जपानाबाहेर मात्र तो जपानी चलच्चित्रांपुरताच रूढ झाला आहे. १९५८ सालीं तोएई कंपनीनें 'हाकुजादेन', म्हणजे 'पांढऱ्या सर्पिणीची कथा', हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत चलच्चित्रपट काढला. पुढें १ जानेवारी १९६३ पासून ओसामु तेझुका ह्यांची 'तेत्सुवान आतोमु' ही यंत्रमानव मुलाची मालिका टेलिव्हिजनवर सुरू झाली. ती काळ्या-पांढऱ्या चित्रांची होती. दोनच वर्षांनीं, १९६५ सालीं, त्याच तेझुकांची पांढऱ्या सिंहाच्या छाव्याची मालिका रंगांत आली, आणि तेव्हांपासून टेलिव्हिजनवरील पात्रांस रंग कोणता द्यावा हा विचार चित्रकारांपुढें नित्याचा होऊन बसला.

आतां वडील मंडळींच्या प्रश्नाकडे वळूं. केसांच्या विचित्र रंगांचें पहिलें कारण अगदीं व्यावहारिक आहे. जपानांतील पुष्कळशीं चलच्चित्रें 'मांगा' नांवाच्या चित्रकथांवरून घेतलेलीं असतात, आणि ह्या चित्रकथा साप्ताहिकांतून व मासिकांतून स्वस्त कागदावर बहुतेक काळ्या शाईनेंच छापल्या जातात. तेथें रंग नाहीं. म्हणून एका पात्राचे केस ठार काळे, दुसऱ्याचे कोरे पांढरे, तिसऱ्याचे बारीक ठिपक्यांनीं करडे, असा भेद करावा लागतो. चेहरे काढण्याची रीतही अशी कीं, मोठे डोळे, इवलेंसें नाक आणि रेघेएवढें तोंड. एकाच चित्रकाराच्या दहा पात्रांचे केस पुसून टाकले, तर त्यांतला कोण कोणता हें ओळखणें त्याच्या नेहमींच्या वाचकासही जड जावें. त्यांतून टेलिव्हिजनसाठीं दर आठवड्यास नवा भाग तयार करावयाचा, हातीं पैसा थोडा आणि वेळ त्याहूनही थोडा. अशा स्थितींत हजारों चित्रांतून नाकाडोळ्यांतील सूक्ष्म भेद संभाळीत बसणें अशक्य होतें. केसांचा आणि पोशाखाचा रंग हाच भेद एका क्षणांत दाखवून देतो. पात्र पाठमोरें असो, दूर असो, कीं गर्दींत असो, पाहणारा त्यास तत्काळ ओळखतो.

हें रंगकाम होत असे तरी कसें, हेंही सांगण्याजोगें आहे. कागदावरील चित्राच्या रेघा सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर उतरवीत आणि तावाच्या पाठीमागील बाजूनें रंग भरीत. म्हणजे पुढील बाजूच्या रेघा रंगाखालीं बुजत नसत. रंग भरणारे हात अनेक. म्हणून प्रत्येक पात्राच्या केसांस, त्वचेस, पोशाखास, इतकेंच नव्हे तर त्यांवर पडणाऱ्या सावलीसही कोणता रंग द्यावयाचा, हें आधींच ठरवून देणें भाग असे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हें काम हळूहळू संगणकावर गेलें. १९६९ पासून चाललेली 'साझाए-सान' ही घरगुती मालिका मात्र २०१३ पर्यंत सेल्युलॉइडचे ताव वापरीत होती. रंगांची ही योजना करणें हा तेथें स्वतंत्र हुद्दा आहे. हायाओ मियाझाकी ह्यांच्या जगप्रसिद्ध चित्रपटांसाठीं तें काम मिचियो यासुदा (१९३९-२०१६) ह्या विदुषीनें कित्येक वर्षें केलें. चित्रपटांतील पहांटेचें गवत आणि दुपारचें गवत निराळ्या हिरव्या रंगाचें दिसतें, तें अशा लोकांच्या डोळसपणामुळें.

परंतु व्यावहारिक कारणानें अर्धेंच उत्तर मिळतें. पात्रें ओळखूं यावींत एवढाच हेतु असता, तर कोणताही रंग कोणासही देऊन चाललें असतें. तसें होत नाहीं. तापट, धाडसी, पुढें घुसणाऱ्या पात्रास बहुधा तांबडा रंग मिळतो आणि शांत, अबोल, विचारी पात्रास निळा. हा संकेत कोठून आला, हें पाहण्यास जपानी भाषेपासून आरंभ केला पाहिजे.

जुन्या जपानी भाषेंत रंगांचीं मूळ विशेषणें चारच : तांबडा म्हणजे 'आका', काळा म्हणजे 'कुरो', पांढरा म्हणजे 'शिरो', आणि निळा म्हणजे 'आओ'. भाषापंडितांचें असें मत आहे कीं, 'आका' ह्या शब्दाचें नातें उजेडाशीं आणि 'कुरो' ह्याचें अंधाराशीं आहे. तान्ह्या मुलास जपानी लोक 'आकाचान', म्हणजे अक्षरशः 'तांबडें बाळ', म्हणतात. आणि तेथील मुलें चित्रांत सूर्य काढतात तो पिवळा नव्हे, तांबडा. देवळांपुढील 'तोरी' नांवाच्या पुष्कळ कमानी शेंदरी-तांबड्या असतात, कारण हा रंग अरिष्टास दूर ठेवतो असा समज आहे. म्हणजे तांबडा हा उजेडाचा, जिवंतपणाचा आणि रक्षणाचा रंग झाला.

'आओ' ह्याची गोष्ट अधिक मौजेची आहे. ह्या एका शब्दांत पूर्वीं निळा आणि हिरवा हे दोन्ही रंग सामावलेले असत. अजूनही रस्त्यावरील हिरव्या दिव्यास जपानी मनुष्य बोलतांना 'आओ'च म्हणतो. भीतीनें फिकट पडलेला चेहरा 'आओ'. झाडावरचें कच्चें फळ 'आओ'. आणि अनुभव नसलेला कोंवळा तरुणही 'आओ'. चिनी परंपरेंत चार ऋतूंस चार रंग दिलेले आहेत, आणि त्यांत वसंताचा रंग हाच होय. त्यावरून तारुण्यास जपानी भाषेंत 'सेइशुन', म्हणजे 'निळा वसंत', असा सुंदर शब्द आला. तेव्हां निळा रंग थंडपणाचा आहे, फिकेपणाचा आहे, आणि अजून न पिकलेल्या, आंत कांहीं दडवून ठेवलेल्या वयाचाही आहे. हा दुहेरी अर्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो उपयोगीं पडेल.

भाषेंतील हे अर्थ रंगभूमीवर अधिक ठळक झाले. काबुकी नाटकांत नटांच्या चेहऱ्यावर जाड रंगीत रेघा ओढण्याची कला आहे; तीस 'कुमादोरी' म्हणतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पहिला इचिकावा दांज्यूरो ह्या नटानें आवेशपूर्ण वीररसाची जी शैली रूढ केली, तिच्याबरोबर ही रंगरेषांची रीत वाढली. ह्या रेघा चेहऱ्याच्या शिरा आणि स्नायु उठावदार करून दाखवितात. नायकाच्या पांढऱ्या चेहऱ्यावर त्या तांबड्या असतात : जणूं न्याय्य संतापानें त्याचें रक्त उसळत आहे. खलपुरुषाच्या आणि सूडानें तळमळणाऱ्या पिशाच्चाच्या चेहऱ्यावर त्या निळ्या असतात : जणूं तेथें रक्ताचा ओलावाच उरलेला नाहीं. 'शिबाराकु' ह्या प्रसिद्ध नाट्यप्रवेशांत हे दोन्ही चेहरे समोरासमोर येतात. दिव्यांच्या मंद प्रकाशांत, दूर बसलेल्या प्रेक्षकासही एकही शब्द ऐकण्यापूर्वीं कळत असे कीं, भरंवसा कोणावर ठेवावा आणि भ्यावें कोणास.

येथें आमच्या वाचकांच्या मनांत एक शंका येईल, आणि ती यावीच. आपल्याकडे राम मेघश्याम आणि कृष्ण घननीळ. मग निळा रंग दुष्टाचा कसा? केरळांतील कथकळींत हिरव्या चेहऱ्याचा तो उदात्त नायक आणि तांबड्या दाढीचा तो क्रूर खल. मग तांबडा रंग सज्जनाचा कसा? ह्याचें उत्तर असें कीं, रंगास स्वतःचा धर्म नसतो. ज्या समाजानें तो वापरला, त्या समाजानें त्यास अर्थ दिलेला असतो. जपानांतही वधूचें वस्त्र, मृताचें वस्त्र, यात्रेकरूचें वस्त्र ह्यांतून पांढऱ्या रंगाचे अर्थ प्रसंगानुसार पालटतात. १९९२ सालीं युगो साको ह्या जपानी निर्मात्यानें आपल्या राम मोहन ह्यांच्या साह्यानें रामायणावर चलच्चित्रपट तयार केला, तेव्हां दोन देशांचे चित्रकार एकाच कथेवर काम करावयास बसले. अशा वेळीं एकमेकांच्या रंगांचे अर्थ समजून घेण्याखेरीज गत्यंतर नसतें. परक्या देशाचें चित्र पाहतांना आपला कोश बाजूस ठेवून त्या देशाचा कोश उघडावा, हा धडा लहान असला तरी मोलाचा आहे.

दोन रंग समोरासमोर उभे करण्याची जपानी लोकांची हौसही जुनी आहे. ११८० ते ११८५ ह्या काळांत ताइरा आणि मिनामोतो ह्या दोन घराण्यांत जें युद्ध झालें, त्यांत ताइरांचीं निशाणें तांबडीं होतीं आणि मिनामोतोंचीं पांढरीं. आठशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी जपानी शाळांच्या क्रीडादिनीं मुलांचे दोन पक्ष होतात ते तांबडा आणि पांढरा हेच. पुष्कळ ठिकाणीं टोपी एका बाजूनें तांबडी व उलटली कीं पांढरी अशी शिवलेली असते. वर्षाच्या अखेरच्या रात्रीं होणारा तेथील गाण्यांचा लोकप्रिय सामना १९५१ पासून ह्याच दोन रंगांच्या नांवानें चालतो. ह्या सामन्यांत एक पक्ष सज्जन आणि दुसरा दुर्जन, असें कोणीच मानीत नाहीं. दोन पक्ष असल्याखेरीज खेळ रंगत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. रंगांचा विरोध म्हणजे नेहमीं सत् आणि असत् यांचाच विरोध नव्हे, ही समजूत ह्यामुळें तेथील मुलांस लहानपणींच होते.

ह्याच समजुतीचा गाभा एका बालकथेंत उतरला आहे, आणि आमच्या मतें चलच्चित्रांतील तांबड्या-निळ्या जोड्यांचें मर्म तिच्या इतकें दुसऱ्या कशानेंही उलगडत नाहीं. हामादा हिरोसुके ह्या बालसाहित्यिकानें १९३३ सालीं ती लिहिली. तिचें नांव 'रडलेला तांबडा राक्षस' असें आहे.

एका डोंगरावर एक तांबडा राक्षस राहत असे. त्यास माणसांशीं मैत्री करण्याची फार इच्छा. त्यानें आपल्या घरापुढें एक पाटी लावली : हें प्रेमळ राक्षसाचें घर आहे, कोणीही यावें, खाऊ आणि चहा तयार आहे. पाटी वाचून गांवचे लोक अधिकच घाबरले. राक्षसाचें आमंत्रण म्हणजे कांहीं डाव असला पाहिजे, असें त्यांस वाटलें. तांबडा राक्षस संतापला आणि त्यानें ती पाटी उपटून मोडून टाकली. इतक्यांत त्याचा मित्र निळा राक्षस तेथें आला. त्यानें सारी हकीकत शांतपणें ऐकून घेतली आणि एक युक्ति सुचविली. 'मी गांवांत जाऊन धुमाकूळ घालतों. तूं धांवत ये आणि मला बडवून काढ. मग गांवकऱ्यांची खात्री पटेल कीं तूं भला आहेस.' तांबडा राक्षस कचरला. मित्रास मारावयाचें कसें? पण निळ्यानें ऐकलें नाहीं. ठरल्याप्रमाणें सारें घडलें. निळा मार खाऊन पळाला, आणि गांवकरी तांबड्याच्या घरीं निर्धास्तपणें ये-जा करूं लागले.

कांहीं दिवस आनंदांत गेले. मग तांबड्याच्या ध्यानांत आलें कीं, निळा मित्र त्या दिवसापासून फिरकलाच नाहीं. तो दूरच्या डोंगरावर त्याच्या घरीं गेला. दार बंद होतें, आणि दारावर एक पत्र चिकटवलेलें होतें. त्यांतील मजकुराचा आशय असा : तूं माणसांबरोबर सुखानें राहा. मी तुझ्याकडे येत राहिलों, तर लोकांस तुझाही संशय येईल. म्हणून मी लांबच्या प्रवासास जात आहें. मी कोठेंही असलों तरी तुझा मित्रच आहें. तांबड्या राक्षसानें तें पत्र पुन्हां पुन्हां वाचलें, आणि दारास तोंड लावून तो रडला.

गोष्ट येथेंच संपते. निळा राक्षस परत येत नाहीं. १९३३ पासून जपानांतील कित्येक पिढ्यांनीं ही गोष्ट चित्रांच्या पुस्तकांतून वाचली आहे. २०११ सालीं तिच्या आधारें एक चलच्चित्रपटही निघाला. आतां ह्या गोष्टींत रंगांनीं काय केलें तें पाहूं. तांबडा भावनाशील, उतावळा, मनांतलें बोलून दाखविणारा. निळा शांत, दूरवर पाहणारा, मनांतलें मनांत ठेवणारा. एवढें संकेताप्रमाणेंच झालें. परंतु काबुकींत ज्या रंगानें खलपुरुष ओळखावयाचा, त्या निळ्या रंगाच्या राक्षसानें येथें खलपुरुषाचें सोंग आपण होऊन घेतलें, आणि तें मित्रासाठीं घेतलें. गांवकऱ्यांनीं सोंग पाहिलें. दाराआडचें मन फक्त तांबड्यास कळलें, आणि तेंही उशिरां.

ह्या जोडीची सांवली पुढील असंख्य चलच्चित्रांवर पडलेली दिसते. नाओको ताकेउची ह्यांच्या चित्रकथेवरून १९९२ सालीं निघालेली 'सेलर मून' ही शाळकरी मुलींची मालिका घ्या. तीत आमी ही निळ्या केसांची, अभ्यासू, मितभाषी मुलगी आहे, आणि रेई ही तांबड्या पोशाखांत लढणारी, शीघ्रकोपी, स्पष्टवक्ती मुलगी आहे. त्यांचीं आडनांवेंही रंगास धरूनच आहेत : 'मिझुनो' ह्यांत 'मिझु', म्हणजे पाणी, आणि 'हिनो' ह्यांत 'हि', म्हणजे अग्नि. एक बुधाची प्रतिनिधि, दुसरी मंगळाची. कारण जपानी भाषेंत बुधास 'जलतारा' आणि मंगळास 'अग्नितारा' असेंच म्हणतात. पाण्यावांचून आग आवरत नाहीं आणि आगीवांचून पाणी ऊब देत नाहीं. म्हणून दोघींपैकीं एकही वगळली तर तो मेळा अपुरा राहतो.

मुलांच्या आवडीच्या 'नारुतो'कडे पाहिलें तरी हेंच दिसतें. मासाशी किशिमोतो ह्यांची ही चित्रकथा १९९९ ते २०१४ पर्यंत चालली आणि तिची चलच्चित्रमालिका २००२ सालीं सुरू झाली. नारुतोचा पोशाख भडक नारिंगी. तो बडबड्या, खोडकर, वर्गांत मागें पडलेला, पण हार न मानणारा. सासुकेचा पोशाख गर्द निळा. तो अबोल, हुशार, सर्वांच्या कौतुकाचा विषय. परंतु दोघांचें मूळ दुःख एकच आहे : दोघेही एकाकी आहेत. नारुतोच्या शरीरांत एक भयंकर कोल्हा कोंडलेला असल्यामुळें गांव त्यास दूर ठेवतो; सासुकेचें सारें घराणें त्याच्या सख्ख्या भावाच्या हातून मारलें गेलें आहे. एकानें तें दुःख आरडाओरड करून झांकलें, दुसऱ्यानें गप्प राहून. येथेंही निळा गांव सोडून जातो. फरक एवढाच कीं, हामादांचा निळा राक्षस त्यागासाठीं गेला आणि सासुके सूडासाठीं. आणि नारिंगी पोशाखाचा मुलगा दाराशीं रडत न बसतां वर्षानुवर्षें त्याचा माग काढीत राहतो.

दोन रंगांचे पुढें पांच झाले. १९७५ सालीं खऱ्या नटांनीं पोशाख घालून केलेल्या 'गोरेंजर' ह्या मालिकेंत तांबडा, निळा, पिवळा, गुलाबी आणि हिरवा असे पांच वीर आले. तांबडा हा त्यांचा नायक. तेव्हांपासून पांच रंग व पांच स्वभाव हा ठरीव साचाच होऊन बसला. साचा सोयीचा खरा. लेखकास सोयीचा आणि खेळणीं विकणाऱ्या व्यापाऱ्यासही सोयीचा. परंतु साच्यांतून नुसत्या मूर्तीच निघत राहिल्या तर कथेंत जीव राहत नाहीं. म्हणून उत्तम कलावंत काय करतात? ते साचा वापरतात, प्रेक्षकाचा त्यावर विश्वास बसवितात, आणि मग योग्य वेळीं तो फोडतात. अशीं तीन उदाहरणें देतों.

मियाझाकींच्या १९९७ सालच्या 'मोनोनोके हिमे' ह्या चित्रपटांत सान नांवाची मुलगी आहे. पांढऱ्या लांडग्यांत वाढलेली, अंगावर पांढरें कातडें, चेहऱ्यावर तांबडे पट्टे. ती अरण्याची कैवारी. तिच्या समोर लोखंड गाळणाऱ्या वसाहतीची प्रमुख एबोशी. अरण्य तोडणारी ती दुष्ट, असा निकाल आपण देऊं पाहतों, तोंच दिसतें कीं, टाकून दिलेल्या बायकांस आणि महारोग्यांस ह्याच बाईनें आसरा, काम आणि मान दिला आहे. दोन्ही बाजूंस प्रेम आहे आणि दोन्ही बाजूंस हिंसा आहे. चेहऱ्यावरील तांबड्या पट्ट्यांवरून न्याय कोणाचा, हें ठरवितां येत नाहीं.

त्यांच्याच २००१ सालच्या, आणि पुढें २००३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालेल्या, 'स्पिरिटेड अवे' ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या चित्रपटांत युबाबा आणि झेनिबा ह्या दोन जुळ्या चेटकिणी आहेत. चेहरा एक, केशरचना एक, पोशाख एक, रंगही एकच. परंतु युबाबा लोभी आणि हुकूम गाजविणारी. झेनिबा मात्र पुढें साध्या झोंपडींत चहा पाजणारी, सूत कातणारी आजी निघते. रंगावरून माणूस ओळखावयाची संवय लागलेल्या प्रेक्षकाची येथें मुद्दाम फजिती केलेली आहे. त्याच चित्रपटांत काळ्या देहाचा आणि पांढऱ्या मुखवट्याचा एक प्राणी आहे. त्यास स्वतःचा चेहरा नाहीं आणि धड स्वतःचा आवाजही नाहीं. तो ज्यांस गिळतो त्यांच्या आवाजांत बोलतो. लोभ्यांच्या संगतींत तो लोभी होतो आणि शांत घरांत शांत होतो. संगतीचा परिणाम ह्याहून स्पष्ट दाखविणें कठीण.

तिसरें उदाहरण तेझुकांचें. ते स्वतः वैद्यकाचे पदवीधर होते. १९७३ पासून त्यांनीं 'ब्लॅक जॅक' नांवाच्या शस्त्रवैद्याच्या कथा लिहिल्या; पुढें त्यांचीं चलच्चित्रेंही झालीं. हा परवाना नसलेला वैद्य काळा झगा घालतो, अवाच्या सवा पैसे मागतो. म्हणजे बाह्यतः खलपुरुषच. त्याचे केस अर्धे पांढरे, अर्धे काळे, आणि चेहऱ्यावर शिवण घालून जोडलेला निराळ्या वर्णाचा त्वचेचा तुकडा. लहानपणीं एका भयंकर स्फोटांत तो होरपळला, तेव्हां त्वचा देण्यास वर्गांतील दुसरें कोणीही पुढें आलें नाहीं. एका कृष्णवर्णीय वंशाच्या मित्रानें मात्र ती दिली. पुढें चेहऱ्याच्या वर्णाशीं जुळणारी त्वचा लावून घेणें त्यास सहज शक्य होतें. त्यानें तें केलें नाहीं. लोकांस जो डाग दिसतो, तो त्याच्या लेखीं मित्राची आठवण आहे. रंगाचा अर्थ रंगांत नसून त्यामागील इतिहासांत असतो, हें एका चेहऱ्यावर लिहिलेलें ह्याहून चांगलें आम्हीं कोठें पाहिलें नाहीं.

आतां हा सारा प्रपंच आम्ही शालेय वार्षिकांत कां मांडला, तें सांगून लेख पुरा करतों. रंगांचे साचे चित्रांतच राहते तर चिंता नव्हती. ते आपल्या घरांत आणि वर्गांतही आहेत. दोन भावंडें असलीं कीं, एक तापट आणि दुसरें शहाणें, असें आपण पाहुण्यांपुढें बोलून जातों. वर्गांत एक 'गडबड्या' ठरतो, एक 'घुमा' ठरतो, आणि मग त्या मुलानें कांहींही केलें तरी तें त्याच रंगांतून पाहिलें जातें. गडबड्याच्या हातून कांच फुटली कीं खोडी समजली जाते, घुम्याच्या हातून फुटली कीं चूक. मुलेंही हळूहळू आपल्यास दिलेला रंग खरा मानूं लागतात, आणि ही हानि मोठी आहे. तांबड्या राक्षसाची कळकळ गांवास पाटी वाचून कळली नाहीं, आणि निळ्याचें मन तर कधींच कळलें नाहीं; त्या गांवकऱ्यांस आपण हसतों, पण त्यांच्याच डोळ्यांनीं शेजारच्या बांकावरील मुलाकडे पाहतों.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलें हीं चित्रें पाहत असतांना नुसतें दटावूं नये. अभ्यासाची वेळ अवश्य संभाळावी, पण कधीं तरी शेजारीं बसून विचारावें, 'हा निळा कां? ह्याच्या मनांत काय आहे?' ज्या कथेंत ह्या प्रश्नास उत्तर मिळतें, ती पाहण्याजोगी. जींत मिळत नाहीं, ती नुसती रंगपंचमी समजावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें कीं, रंग पाहून पात्र ओळखावें, परंतु त्याची पारख करण्यापूर्वीं शेवटचें पान वाचावें. चित्रांतील माणसांस जी सवलत तुम्ही आनंदानें देतां, तीच आपल्या वर्गबंधूंसही द्यावी.